डेऱ्यात कॅमेरा नेण्याआधी

तृतीयपंथीयांच्या आयुष्यावरचे चार-पाच माहितीपट सलग बघितले की पहिली दोन मिनिटं पाठ होऊन जातात. आरशासमोर पावडर, ओठांना लाली, पायात घुंगरू, मग संथ केलेली टाळी आणि मागे बासरी. त्यानंतर प्रश्न, "तुम्हाला हे पहिल्यांदा कधी कळलं?" आणि डोळे भरून येईपर्यंत थांबून राहिलेला कॅमेरा. यातलं खोटं काहीच नसतं. पण खोलीचं भाडं कोणाच्या नावावर आहे, टँकर आला की हंडे कोण लावतं, ताप आला तर सरकारी दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात जायचं की बायकांच्या, मेल्यावर माती कुठे मिळणार, हे सगळं चौकटीबाहेर राहतं. आयुष्य खरं तर तिथेच असतं.

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरकडे पत्रकारिता शिकणारी मुलंमुली दरवर्षी या विषयावर लघुपट करतात. मोबाईलवर का होईना, पण करतात, आणि ते चांगलंच आहे. हे लिखाण त्यांच्यासाठी आहे. यात जे सांगितलंय त्याचा गाभा एकच: संमती म्हणजे कागदावरची एक सही नव्हे. ती चित्रीकरणाला वेगळी, संकलनाला वेगळी आणि प्रदर्शनाला वेगळी लागते. कॅमेरा कुठे ठेवायचा, माईक कोणी लावायचा, फुटेज कुठे साठवायचं हे सगळे तांत्रिक निर्णय तिच्यातूनच निघतात.

सुरुवात गुरूपासून करावी लागते. डेऱ्यात, म्हणजे गुरू आणि तिचे चेले (शिष्य) एकत्र राहतात त्या घरात, थेट चेल्याला गाठून मुलाखत घेतली तर त्याचा त्रास चेल्यालाच होतो. जमात, म्हणजे समाजाची पंचायत, बसते, दंडही लागू शकतो. म्हणून आधी गुरूला भेटा, कॅमेरा न घेता. नानगुरू, म्हणजे गुरूची गुरू, हयात असेल आणि दुसऱ्या गावी राहत असेल तर तिथेही निरोप जाऊ द्या. मात्र गुरू हो म्हणाली म्हणजे चेले हो म्हणाले असं धरून चालू नका. प्रत्येकीला वेगळं, गुरूच्या नजरेआड विचारा, आणि "नाही" म्हणायची सोपी वाट ठेवा. उदाहरणार्थ, "आज नको वाटत असेल तर फक्त फोन उचलू नका, आम्ही समजून घेऊ." समोरासमोर नकार देणं डेऱ्यात अवघड असतं.

दुसरी गोष्ट इलाक्याची. कोणत्या टोळीने कोणत्या गावच्या आठवडी बाजारात पैसे मागायचे, बधाईला (लग्न-बारशाच्या घरी आशीर्वाद देऊन पैसे घ्यायला) कोणत्या गल्लीत जायचं, हे ठरलेलं असतं आणि त्यावरून भांडणं होतात. तुमच्या पडद्यावर एखाद्या गावाची पाटी दिसली आणि ते गाव दुसऱ्या टोळीचं असेल तर चित्रपट संपल्यावर वाद सुरू होतो. बाजारातल्या दृश्यांत गाव ओळखू येऊ द्यायचं की नाही, हे गुरूला विचारूनच ठरवा.

संमतीचा कागद साध्या मराठीत, एका पानात बसेल असा करा. स्टॅम्प पेपर आणू नका. त्याने लोक घाबरतात, आणि घाबरून केलेल्या सहीला काही अर्थ नसतो. कागदावर नाव कोणतं लिहायचं, चेहरा दाखवायचा का, आवाज ठेवायचा का, गावाचं नाव घ्यायचं का, घरच्यांचा उल्लेख चालेल का, हे पाच प्रश्न वेगवेगळे विचारा आणि प्रत्येकासमोर हो-नाहीची जागा ठेवा. कुठे दाखवणार तेही लिहा: कॉलेजात, महोत्सवात, टीव्हीवर, यूट्यूबवर. वाचता येत नसेल तर कागद मोठ्याने वाचून दाखवा, त्याचं ध्वनिमुद्रण करा, आणि साक्षीदार तुमच्या चमूबाहेरचा घ्या. माघार कधीपर्यंत घेता येईल तेही स्पष्ट हवं. संकलन पक्कं होईपर्यंत पूर्ण माघार आणि त्यानंतर काय काय करता येईल, असे दोन भाग करा. अठरा वर्षांखालच्या कोणाचंही चित्रीकरण करू नका. डेऱ्यात नुकतं आलेलं पोर वयाने लहान वाटत असेल तर कॅमेरा बंदच ठेवा.

एक वाक्य फार वेळा ऐकू येतं: "मुंबई-पुण्यात दाखवा, आमच्या जिल्ह्यात नको." इथे खरं बोलायलाच हवं. ऑनलाइन टाकलेला व्हिडिओ फक्त बीड जिल्ह्यापुरता बंद ठेवता येत नाही. आणि एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर तुकडा फिरायला लागला की तो सगळ्यात आधी गावच्याच ग्रुपवर पोचतो. ज्या व्यक्तीच्या आईवडिलांना माहीत नाही, तिच्या बाबतीत चेहरा दाखवून यूट्यूब हा पर्यायच नसतो.

पैशांबद्दल संकोच करू नका. चित्रीकरणाचा दिवस म्हणजे त्यांचा बाजार बुडालेला दिवस. तेवढी भरपाई द्यायलाच हवी. ती बोलण्याची किंमत म्हणून नव्हे, बुडालेल्या कमाईची भरपाई म्हणून, सगळ्यांना सारखी आणि आधी ठरवून. कमाईतला वाटा गुरूकडे जायची रीत असते, त्यामुळे रक्कम कोणाच्या हातात द्यायची हेही विचारा आणि लिहून ठेवा. हा प्रश्न नवा नाही. न्यूयॉर्कमधल्या बॉल संस्कृतीवरचा, म्हणजे समलिंगी आणि पारलिंगी (ट्रान्सजेंडर) लोकांच्या नटून-नाचून होणाऱ्या स्पर्धांवरचा, 'पॅरिस इज बर्निंग' हा १९९० चा माहितीपट गाजला, कमावता झाला आणि त्यात दिसलेल्या लोकांनी आपला वाटा मागितला. शेवटी १३ जणांत मिळून सुमारे ५५,००० डॉलर वाटले गेले. ठरवाठरवी आधी झाली असती तर त्या चित्रपटावरचा राग इतका टिकला नसता. उलट बाजूचं उदाहरण म्हणजे २०२० चा 'डिस्क्लोजर'. पडद्यावरच्या पारलिंगी चित्रणावरच्या या माहितीपटात चमूतलं काम आधी पारलिंगी लोकांना दिलं गेलं, आणि जिथे तसा माणूस मिळाला नाही तिथे त्या जागेवरच्या तंत्रज्ञाने एका पारलिंगी उमेदवाराला काम शिकवायचं अशी अट होती. मराठवाड्यात एवढं बजेट नसतं, पण डेऱ्यातल्याच एखादीला दुसरा कॅमेरा किंवा ध्वनिमुद्रणाची जबाबदारी देणं कोणालाही जमेल. फुटेज त्याने ताबडतोब बदलतं.

वेळापत्रक शेतीच्या पंचांगाने चालतं. सोयाबीन आणि कापूस विकून हातात पैसा आला की, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, बाजार भरलेला असतो आणि टोळ्या रोज बाहेर असतात. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई, मग बधाई. उन्हाळ्यात बाजार ओस पडतो, हातात वेळ असतो आणि बोलणं निवांत होतं. चालतं-फिरतं चित्रण हिवाळ्यात आणि लांब मुलाखती उन्हाळ्यात, अशी विभागणी केली तर दोन्ही नीट होतात. एका हंगामात सगळं उरकलं तर तो हंगाम म्हणजेच आयुष्य असं चित्रपटातून दिसायला लागतं.

यात्रांचा मोह सगळ्यांना होतो. चैत्र पौर्णिमेला येरमाळा, नवरात्रात तुळजापूर, मार्गशीर्षात माळेगावचा खंडोबा. दृश्यं देखणी मिळतात हे खरं. पण आराधी, जोगते, वाघ्या-मुरळी आणि डेऱ्यातला हिजडा समाज यांना एकाच पोत्यात भरू नका. काही माणसं दोन्हीकडे असतात, परंपरा मात्र वेगवेगळ्या आहेत. निवेदनात "हे सगळे" असा शब्द आला की ते वाक्य खोडा. तांत्रिक सूचना एकच: खंडोबाच्या भंडाऱ्याची पूड अत्यंत बारीक असते. लेन्सवर यूव्ही फिल्टर लावूनच जा, गर्दीत लेन्स बदलू नका, आणि हळद बसली तर कापडाने पुसू नका. आधी ब्लोअरने उडवा, मग मऊ ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. ओल्या बोटाने पुसलेली हळद फिल्टरवर चिकटून बसते.

रेल्वेतलं मागणं चित्रित करावं का? माझं मत नाही. रेल्वेच्या डब्यात मागायला कायद्याने परवानगी नाही, आणि राज्यात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदाही आहे. चेहरा, डब्याचा क्रमांक आणि तारीख असलेलं फुटेज म्हणजे तिच्याविरुद्ध तुम्ही तयार करून दिलेला पुरावा. ते दृश्य हवंच असेल तर फलाटावरचं थांबणं, गाडीची वाट बघणं, परत आल्यावर चिल्लर मोजणारे हात एवढ्यावर भागतं. फलाटावर चित्रीकरणासाठी रेल्वेची परवानगी लागते, हेही लक्षात ठेवा.

आता मुलाखत. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो आणि कूलर चालू असतो. वाकळ किंवा गोधड्या दोन भिंतींवर टांगा, एक पायाखाली घाला, घुमणं बरंच कमी होतं. मे महिन्यात ४२ अंशांत कूलर बंद ठेवून माणसाला तासभर बसवणं हा छळ आहे. पहाटे किंवा दिवेलागणीनंतर बसा, दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा, मधे कूलर लावा. शेवटी खोलीची नुसती शांतता ६० सेकंद मुद्रित करा, संकलनात सांधे लपवायला ती लागते.

कॉलर माईक स्वतः लावू नका. अंगाला हात लागणं हा अनेकींसाठी जुना, कडवट अनुभव असतो. माईक हातात द्या, कुठे लावायचा ते सांगा, तिलाच किंवा गुरुभाईला, म्हणजे त्याच गुरूच्या दुसऱ्या चेल्याला, लावू द्या. नायलॉनच्या पदरावर माईक घासतो आणि सगळी मुलाखत खरखरते. ब्लाउजच्या काठाला आतून वैद्यकीय चिकटपट्टीने लावला तर बरं. काचेच्या बांगड्या किणकिणत असतील तर त्या काढायला लावू नका, त्याऐवजी बूम माईक वरून, डोक्यापासून हातभर अंतरावर धरा. बोलण्याची पातळी उणे १८ ते उणे १२ डेसिबलच्या दरम्यान ठेवा. टाळी मात्र त्या पातळीच्या कितीतरी वर जाते आणि आवाज फाटतो. रेकॉर्डरवर दुसरा सुरक्षित ट्रॅक १० ते १२ डेसिबल खाली ठेवण्याची सोय असते, ती वापरा. ३२ बिट फ्लोटच्या रेकॉर्डरने बराचसा प्रश्न सुटतो, पण माईकच भरला असेल तर तोही वाचवू शकत नाही. ढोलकीजवळ माईक नेऊच नका.

प्रकाशात एक अन्याय नकळत होतो. वरून पडणारा किंवा बाजूने येणारा कडक उजेड दाढीची निळसर छटा आणि जबड्याची रेघ ठळक करतो. कॅमेरा छातीखालून वर धरला की तेच. प्रेक्षक मग बोलणं ऐकायचं सोडून चेहऱ्यात "आधीचा पुरुष" शोधत बसतो. कॅमेरा बसलेल्या व्यक्तीच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, दीड-दोन मीटर मागे जा, ५० ते ८५ मिलीमीटरची लेन्स घ्या. मोबाईल असेल तर दुप्पट झूमची लेन्स वापरा, रुंद लेन्स जवळ नेली की नाक-हनुवटी फुगते. खिडकीचा उजेड समोरून तिरका घ्या आणि दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरा. ट्यूबलाइटखाली २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं नाही तर चित्र लुकलुकतं. मोबाईलमधला चेहरा गुळगुळीत करणारा फिल्टर आपल्या मनाने चालू किंवा बंद करू नका. दोन्ही चित्रं दाखवून विचारा.

प्रश्न कोणते? शस्त्रक्रियेबद्दल विचारू नका. निर्वाणाबद्दल, म्हणजे समाजातल्या लिंगच्छेदाच्या विधीबद्दल, तर नाहीच. कोणी आपणहून सांगितलं तरी ते चित्रपटात ठेवायचं का, हे दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा, आणि तो विधी करणाऱ्या दाईचं किंवा दवाखान्याचं नाव, गाव काढून टाका. जुनं नाव विचारू नका, बालपणीचा फोटो मागू नका, दिला तर ठीक. त्याऐवजी कालचा दिवस विचारा. किती वाजता उठलात, पहिला फोन कोणाचा, जेवायला काय होतं, घरमालक महिन्याला किती घेतो, शेजारणीपेक्षा जास्त घेतो का, रेशन कार्डावर कोणाकोणाची नावं आहेत, बँकेत खातं कोणत्या नावाने उघडलं. या प्रश्नांची उत्तरं लांब येतात, कारण ती आजवर कोणी विचारलेली नसतात. पोलीस भरतीची तयारी करणारी एखादी भेटली तर तिच्या पळण्याच्या वेळा विचारा. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बजावल्यानंतर राज्यात हा मार्ग उघडला, आणि त्यासाठी गावोगावी पहाटे मैदानावर जाणारी माणसं आहेत.

आणि पारलिंगी पुरुष, म्हणजे जन्मतः मुलगी ठरवले गेलेले पुरुष. ते या माहितीपटांत जवळपास नसतातच. त्यांचा डेरा नाही, टाळी नाही, बाजार नाही, त्यामुळे कॅमेऱ्याला ते दिसत नाहीत. घरात मुलगी म्हणून लग्नाचा तगादा लागलेला, पॅन्ट-शर्ट घालता यावा म्हणून शहरात नोकरी शोधणारा, हॉस्टेल मुलींचं की मुलांचं या प्रश्नाशी अडलेला असा माणूस प्रत्येक तालुक्यात सापडेल. मात्र त्याच्याकडे पाठीशी उभा राहायला समाज नसतो, म्हणून ओळख लपवण्याची गरज सर्वात जास्त तिथेच.

ओळख लपवणं म्हणजे चेहरा धूसर करणं एवढंच समजलं जातं, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. चेहऱ्यावरचे चौकोन बारीक असतील तर मूळ चेहऱ्याचा अंदाज बांधता येतो. मान हलली की एखाद्या फ्रेममध्ये धूसरपणा घसरतो, आणि एक फ्रेम पुरेशी असते. खात्रीचा मार्ग म्हणजे चित्रीकरणातच चेहरा न येऊ देणं: पाठमोरं, हात, सावली. मागून उजेड देऊन काळी आकृती घेतली असेल तर संकलनात ते चित्र मुद्दाम तीन-चार स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) उजळून बघा. चेहरा वर आला तर ते दृश्य निकामी समजा, कारण घरबसल्या दुसरं कोणीही तेच करू शकतं. आवाजाची पट्टी वर-खाली केली तर ती उलट करता येते. त्यापेक्षा शब्द तेच ठेवून दुसऱ्या व्यक्तीकडून वाचून घ्या, आणि पडद्यावर तसं लिहा. वाचणारी व्यक्तीही शक्यतो पारलिंगी असावी. मग बाकीच्या खुणा: हातावरचं गोंदण, ठरावीक अंगठी, खिडकीतून दिसणारी दुकानाची पाटी, अंगणातली गाडी. एमएच २२ दिसलं की परभणी कळली, एमएच ३८ दिसलं की हिंगोली. मोबाईलवर चित्रीकरण करत असाल तर कॅमेऱ्याची लोकेशनची परवानगी आधीच बंद करा, नाहीतर प्रत्येक फाइलमध्ये डेऱ्याचा पत्ता साठतो.

डेऱ्यात आपापसात दखनी वळणाची हिंदी चालते, बाहेर मराठी. दोन्ही तशाच ठेवा, खाली मराठी शब्द द्या. पण मधेच समाजाची सांकेतिक बोली येते, तिचे अर्थ उपशीर्षकात देऊ नका. ती बोली पोलीस आणि गुंडांपासून एकमेकींना सावध करायला आहे. ती उघडी करून प्रेक्षकाला क्षणभराची गंमत मिळते आणि त्यांचं संरक्षण जातं.

निवेदन लिहिताना मराठीत प्रत्येक क्रियापद लिंग विचारतं. आली, आला, आलं यातलं काय हे प्रत्येक व्यक्तीला विचारून नोंदवा, आणि बालपणाबद्दल लिहितानाही तेच ठेवा. "तो सातवीत असताना" आणि पुढच्याच वाक्यात "ती" असं झालं की निवेदकाने तिचं म्हणणं मनातून मानलेलं नाही हे उघड होतं.

इतिहासाचा भाग आला की सगळे शिखंडी, बृहन्नडा आणि मग थेट इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा अशी उडी मारतात. मराठवाड्यात तो कायदा थेट लागू नव्हता, कारण हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे १३२९ फसलीचा, म्हणजे १९१९ च्या सुमाराचा, स्वतंत्र कायदा होता. हिजड्यांची नोंदवही ठेवायची, बायकी कपड्यांत किंवा सार्वजनिक जागी नाचगाणं करताना दिसलं तर वॉरंटशिवाय अटक. संस्थान गेलं, राज्यं बदलली, पण तेलंगणात तो कायदा कागदावर राहिला आणि जुलै २०२३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. आपल्या भागावर चित्रपट करणाऱ्याने हा धागा सोडू नये. त्याच्या शेजारी १५ एप्रिल २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ठेवा, ज्यात आपलं लिंग आपण ठरवण्याचा हक्क मान्य झाला, आणि शंभर वर्षांचा प्रवास दोन मिनिटांत दिसतो. आकडा द्यायचा असेल तर २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात 'इतर' या रकान्यात ४०,८९१ जणांची नोंद आहे. ती नोंद आहे, संख्या नव्हे, असं निवेदनात म्हणा. घरच्यांनी भरलेल्या तक्त्यात किती जण 'इतर' लिहितील?

संकलनात एक कोरा कागद घ्या. प्रत्येक व्यक्तीच्या नावापुढे तिची दृश्यं किती सेकंदांची आहेत ते लिहा: नटणं-नाचणं-टाळी एका बाजूला, काम-घर-माणसं दुसऱ्या बाजूला. पहिली बाजू जड असेल तर तुम्ही नकळत तोच जुना चित्रपट केलाय. रडण्याचं दृश्य ठेवायचं असेल तर चार-पाच सेकंदांत सोडा आणि खाली संगीत टाकू नका.

कच्चं संकलन दोनदा दाखवा. आधी फक्त त्या व्यक्तीला, एकटीला. नंतर गुरू आणि डेऱ्याला. क्रम उलटा केला तर गुरूसमोर चेला काहीच बोलत नाही, आणि आक्षेप प्रदर्शनानंतर बाहेर येतो. काय काढलं ते तारखेसह लिहून ठेवा. चित्रपटगृहात किंवा सभागृहात तिकीट लावून दाखवणार असाल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं.

यूट्यूबवर टाकताना शीर्षक आणि मुखचित्र त्या व्यक्तींकडून मंजूर करून घ्या. टाळीचं मुखचित्र जास्त बघितलं जातं, तरी टाकू नका. प्रतिक्रिया पहिल्या महिन्यात तपासूनच प्रसिद्ध होतील अशी व्यवस्था करा, शिव्यांची यादी मराठी, हिंदी आणि रोमन लिपीत तिन्ही प्रकारे बंद शब्दांत टाका. हे काम चमूतल्या एकाकडे नेमून द्या. प्रतिक्रिया वाचण्याची पाळी चित्रपटातल्या माणसांवर येऊ नये.

राहिलं फुटेज. १०० मेगाबिट वेगाने चित्रित केलेला एक तास म्हणजे साधारण ४५ जीबी, वीस तासांचे ९०० जीबी. काम चालू असताना तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि एक वेगळ्या घरात, तिन्हींना पासवर्ड. फुटेज संकलकाला टेलिग्राम-व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, डिस्क हातात द्या. चित्रपट पूर्ण झाल्यावर ज्यांचे चेहरे लपवले त्यांचं मूळ चित्रण तिन्ही ठिकाणांहून पुसा, पुसल्याचं त्यांना कळवा. ज्यांनी चेहरा दाखवायला हो म्हटलं त्यांना त्यांच्या पूर्ण मुलाखतीची प्रत पेन ड्राइव्हवर द्या, आणि सोबत संमतीच्या कागदाची झेरॉक्स.